फोटो तुमचा, लोगो भलत्याचा? फुकटात वॉटरमार्क कसा टाकायचा आणि तो नेमका कुठे कामी येतो

दिवाळी झाली की हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाच्या गाड्यांची रांग लागते. समजा, अशाच एका सकाळी तुम्ही मोबाइलवर एक झकास फोटो काढला. कोवळं ऊन, पांढराशुभ्र ढीग, त्यावर चढलेला हमाल. फेसबुकवर टाकला, मित्रांनी वाहवा केली. दोन दिवसांनी तोच फोटो कुठल्याशा पेजवर दिसतो. मधोमध त्या पेजचा लोगो, खाली हजारो लाइक्स. तुमच्या मूळ पोस्टवर अठ्ठेचाळीस. तुम्ही कमेंटमध्ये लिहिता, "हा फोटो माझा आहे." त्यावर एक जण विचारतो, "कशावरून भाऊ?"

या "कशावरून"ला उत्तर म्हणून लोक वॉटरमार्क शोधायला लागतात. प्ले स्टोअरवर शोधलं तर ढीगभर ॲप्स निघतात. त्यातली निम्मी "फ्री" म्हणवतात आणि तुमच्या फोटोवर तुमच्या नावाआधी स्वतःचंच नाव छापतात. म्हणजे चोर परवडला, पण राखणदार नको. तर खरोखर फुकट काय आहे, ते कसं वापरायचं आणि वॉटरमार्क लावल्यावर नेमकं काय हाती लागतं, हे जरा नीट पाहू.

आधी थोडं नावाबद्दल

फोटोवर पाणी नसतं, मग "वॉटर"मार्क कशाला? हा शब्द कागदाच्या कारखान्यातून आला. तेराव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या फाब्रियानो गावचे कागद बनवणारे ओल्या लगद्याखालच्या जाळीवर तारेची नक्षी बसवायचे. नक्षीच्या जागी कागद किंचित पातळ व्हायचा आणि उजेडासमोर धरला की खूण दिसायची. खिशातली नोट उजेडासमोर धरा, पांढऱ्या जागेत गांधीजी दिसतात. तोच हा वॉटरमार्क.

फोटोवर नाव टाकायची पद्धतही मोबाइलच्या किती तरी आधीची. एकोणिसाव्या शतकातल्या राजा दीनदयाळ यांच्या अनेक छायाचित्रांत खालच्या बाजूला त्यांचं नाव आणि क्रमांक फोटोतच उमटलेला दिसतो. रीळ कॅमेऱ्याच्या काळातल्या गावोगावच्या स्टुडिओंचे फोटो घरात असतील तर उलटून पाहा. मागे स्टुडिओचा रबरी शिक्का आणि निगेटिव्हचा नंबर असतो. नावाची गंमत आणि शोकांतिका दोन्ही हिंगणघाटला नवी नाही. इथल्या कापसाला एकोणिसाव्या शतकात "हिंगणघाट" हेच व्यापारी नाव होतं. नावाला भाव असला की भेसळही आलीच. मुंबई इलाख्यात कापसाच्या भेसळीविरुद्ध १८६३ साली चक्क कायदा करावा लागला होता. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या गाठीवर मार्का असतो तो उगीच नाही.

"फ्री" म्हणजे किती फ्री?

हा मुद्दा बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात, पण धंदा करणाऱ्याला नेमका इथेच फटका बसतो.

पहिला प्रकार खऱ्या अर्थाने मुक्त सॉफ्टवेअरचा. जिम्प, डिजिकॅम, डार्कटेबल, इंकस्केप, इमेजमॅजिक ही त्यातली नावं. घरी वापरा, स्टुडिओत वापरा, दहा कॉम्प्युटरवर टाका, कुणी पैसे मागत नाही. यांचा मूळ कोडही खुला असतो.

दुसरा प्रकार "घरच्या वापरापुरता फुकट". इरफानव्ह्यू, एक्सएनकन्व्हर्ट, फास्टस्टोन फोटो रिसायझर हे या गटात. (इरफानव्ह्यू हे नाव ऐकून काहीतरी तांत्रिक संज्ञा वाटते, ते इरफान नावाच्या, व्हिएन्नात शिकलेल्या एका बोस्नियन तरुणाने १९९६ मध्ये आणलं, त्याचंच नाव आहे.) तुम्ही हौस म्हणून पक्षी आणि वणा नदीचे फोटो काढत असाल तर बिनधास्त वापरा. पण लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल, साड्यांचं दुकान चालवत असाल, तर तो व्यावसायिक वापर झाला आणि लायसन्स विकत घ्यावं लागतं. कोण तपासायला येणार आहे, असं कुणी म्हणेल. आपल्या फोटोची चोरी होऊ नये म्हणून दुसऱ्याचं सॉफ्टवेअर चोरायचं, हे काही बरं दिसत नाही.

तिसरा प्रकार "आत्ता फ्री, मग पैसे". कॅनव्हा हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. वापरायला अगदी सोपं आहे, पण वॉटरमार्कसाठी लागणारी पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल उतरवायला गेलात की पैसे भरून प्रो घ्या म्हणतं. लोक तासभर लोगो बनवतात आणि शेवटच्या पायरीवर अडकतात.

आणि चौथा प्रकार, ज्याची किंमत पैशात नसते. फोटोवर चार अक्षरं लिहिणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशन कशाला हवं? मागत असेल तर काढून टाका. अँड्रॉइड १४ पासून "फक्त निवडलेले फोटो" दाखवायची परवानगी देता येते, तीच द्या. ऑनलाइन वेबसाइटचंही तेच. काही साइट तुमचा फोटो आधी त्यांच्या सर्व्हरवर चढवतात. याची एक साधी चाचणी आहे. साइट उघडली की इंटरनेट बंद करा आणि काम होतं का पाहा. फोटोपीया नावाची साइट अशी बंद नेटवरही चालत राहते, कारण ती फोटो तुमच्याच मशीनवर उघडते. जाहिराती दिसतात तेवढ्या सहन करायच्या.

कॉम्प्युटर असेल तर

एका कार्यक्रमाचे सहाशे फोटो आहेत. प्रत्येकावर नाव टाकायला एक मिनिट धरलं तरी दहा तास. म्हणून एकेक फोटो उघडणारं नको, गठ्ठ्याने काम करणारं सॉफ्टवेअर हवं.

आधी एकदाच तुमच्या नावाची फाइल बनवून ठेवा. जिम्पमध्ये नवी फाइल घेताना पार्श्वभूमी पारदर्शक निवडा, पांढऱ्या अक्षरांत नाव लिहा, भोवती बारीक गडद कड किंवा सावली द्या आणि पीएनजी म्हणून एक्स्पोर्ट करा. जेपीजी करू नका, त्यात पारदर्शकता टिकत नाही आणि नावाभोवती पांढरा डबा दिसतो. गडद कड कशासाठी? कापसाच्या ढिगावर नुसतं पांढरं नाव टाकून पाहा, कळेल.

आता ही पीएनजी सगळ्या फोटोंवर चिकटवायची. एक्सएनकन्व्हर्टमध्ये वर "इनपुट", "ॲक्शन्स", "आउटपुट" असे कप्पे आहेत. पहिल्यात सगळे फोटो ओढून टाका. दुसऱ्यात आधी "रिसाइझ" आणि मग "वॉटरमार्क" जोडा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण कामं वरून खाली होत जातात. उलटं केलं तर फोटोबरोबर नावही आक्रसतं आणि वाचता येत नाही. तिसऱ्या कप्प्यात वेगळं फोल्डर द्या. मूळ फोटोंवर कधीही, कितीही घाई असली तरी, तिथल्या तिथे वॉटरमार्क छापू नका. मूळ फाइल हा तुमचा सातबारा आहे.

हेच काम धंद्यासाठी करायचं असेल तर डिजिकॅम घ्या. त्यात "बॅच क्यू मॅनेजर" नावाची खिडकी आहे. फोटो रांगेत लावायचे, "ॲड वॉटरमार्क" हे साधन निवडायचं, मजकूर किंवा चित्र द्यायचं, जागा आणि पारदर्शकता ठरवायची आणि चहाला जायचं. डिजिकॅम पहिल्यांदा उघडल्यावर जरा बावचळायला होतं, बटणं फार आहेत. पण फोटो शोधणं, तारखेनुसार लावणं, फाइलच्या आत मालकाचं नाव भरणं हे सगळं त्यात होतं. स्टुडिओवाल्याने एक रविवार घालवून ते शिकून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रॉ फोटो धुणारे आधीच डार्कटेबल वापरत असतील, तर त्यात वॉटरमार्कचं वेगळं मॉड्यूल आहे, दुसरीकडे जायची गरज नाही. इमेजमॅजिक काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालतं. ज्यांना ते जमतं त्यांना हा लेख वाचायची गरज नाही.

एखाददुसरा फोटो असेल तर साधं पेंटही पुरतं. अभिमानाने वापरा.

फक्त मोबाइल असेल तर

आधी कॅमेऱ्याचीच सेटिंग उघडा. शाओमी, रियलमी, विवो, सॅमसंग अशा बऱ्याच फोनमध्ये "वॉटरमार्क" हा पर्याय आधीपासून असतो. खरेदी केल्यापासून फोटोच्या कोपऱ्यात फोनचं मॉडेल छापून येतंय ना, तेच ते. कंपनीची फुकट जाहिरात आपण वर्षानुवर्षं करतो. बऱ्याच मॉडेलमध्ये तिथेच स्वतःचं नाव लिहिता येतं. तोटा एवढाच की मूळ फोटोवरच ते छापलं जातं आणि नंतर काढणं सगळ्याच फोनमध्ये जमत नाही.

म्हणून त्यापेक्षा गुगलचं स्नॅपसीड बरं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. फोटो उघडा, "टेक्स्ट" निवडा, नाव लिहा, रंग आणि पारदर्शकता ठरवा. लोगो टाकायचा असेल तर त्यात "डबल एक्स्पोजर" आहे. इथे एक युक्ती चालते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा लोगो असलेलं चित्र घ्या आणि मिश्रणाचा प्रकार "लाइटन" ठेवा. काळा भाग नाहीसा होतो, पांढरी अक्षरं उरतात. पट्टी थोडी मागेपुढे सरकवून पाहा.

जीपीएस मॅप कॅमेरासारखी ॲप्स आपल्याकडे भलतीच लोकप्रिय आहेत. फोटोखाली नकाशा, पत्ता, अक्षांश-रेखांश, वेळ. ग्रामसेवक, शिक्षक, ठेकेदार यांना कामाचा पुरावा म्हणून ते लागतं. पण तेच ॲप चालू ठेवून लेकीच्या वाढदिवसाचा फोटो काढून फेसबुकवर टाकला, तर घराचा पत्ता आपण जगाला दिला. कामाचा कॅमेरा वेगळा, घरचा वेगळा.

मराठीत नाव लिहा, पण नीट

वॉटरमार्क मराठीत असावा. आपल्या गल्लीत तो पटकन वाचला जातो आणि वेगळाही दिसतो. अडचण येते ती जोडाक्षरांची. काही ॲप्स "छायाचित्र"मधली वेलांटी भलत्या अक्षरावर टाकतात, "क्ष" फोडून ठेवतात. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर इथे आणून चिकटवला तर नुसती चिन्हांची खिचडी होते. युनिकोड फॉन्टच वापरा. मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी हे गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि व्यवसायातही चालतात. "ल" आणि "श" ही अक्षरं हिंदी वळणाची आली तर खटकतं. ज्यांना खटकतं त्यांच्यासाठी तिथेच "टिरो देवनागरी मराठी" हा खास मराठी वळणाचा फॉन्ट आहे. ॲप कितीही अडलं तरी मार्ग आहे. नाव कॉम्प्युटरवर एकदा नीट लिहून त्याचं चित्र बनवा आणि ते चित्रच सगळीकडे वापरा. चित्रातली वेलांटी कोणी हलवू शकत नाही.

किती मोठा, कुठे?

कोपऱ्यातलं छोटं नाव फोटोला शोभतं, पण कापणाऱ्याला दोन सेकंदही लागत नाहीत. शिवाय चोर नसला तरी इन्स्टाग्राम आहेच. प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये फोटोच्या कडा कापल्या जातात, व्हॉट्सॲपचा डीपी तर गोलच असतो. मधोमध आडवं मोठं नाव टाकलं तर चोरी अवघड होते आणि फोटो बघणंही.

मधला मार्ग असा. नाव कडेला न टाकता फोटोच्या मुख्य विषयाला चिकटून ठेवा. कापसाच्या ढिगाच्या कडेवर, बैलाच्या झुलीजवळ, साडीच्या पदराच्या घडीवर, म्हणजे तिथे कातरलं तर फोटोच बिघडेल. पारदर्शकता तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास, रुंदी फोटोच्या पाचव्या हिश्श्याएवढी. चेहऱ्यावर नाव नको. हे आकडे काही शास्त्र नाही, डोळ्याला पटेल ते करा.

आणि सोशल मीडियावर मूळ आकाराचा फोटो टाकूच नका. इन्स्टाग्रामला १०८० पिक्सेल रुंदी पुरते. एवढ्याशा फोटोवरून कुणी फ्लेक्स छापायला गेलं तर चौकोनच चौकोन दिसतील. माझ्या मते वॉटरमार्कहूनही हे जास्त कामाचं आहे, आणि याला कुठलंही ॲप लागत नाही.

पण पुसता येतो ना?

येतो. हे आधीच मान्य करू. गुगल फोटोज, सॅमसंग गॅलरी यांत नको ती वस्तू बोटाने पुसायची सोय फोनमध्येच आहे. आकाशावरचं किंवा भिंतीवरचं नाव तर क्षणात जातं.

मोठमोठ्या फोटो विकणाऱ्या कंपन्यांचे वॉटरमार्कही सुटलेले नाहीत. २०१७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी यावर एक शोधनिबंध मांडला. त्यांचं म्हणणं साधं होतं. हजारो फोटोंवर तोच तो वॉटरमार्क असेल, तर कॉम्प्युटर ते सगळे फोटो एकावर एक ठेवून पाहतो. फोटो बदलत राहतात, वॉटरमार्क तेवढा तसाच राहतो. मग त्या "तशाच" भागाचा अंदाज बांधून तो प्रत्येक फोटोतून वजा करता येतो. त्यांनी उपायही तपासला. वॉटरमार्कची जागा बदलून किंवा तो फिका-गडद करून फारसा फरक पडत नाही. पण प्रत्येक फोटोवर त्याचा आकार किंचित वेडावाकडा केला की पुसलेल्या जागी खुणा उरतात.

फेसबुकनेही त्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, भारतातल्या महिलांच्या डीपी चोरीला जातात म्हणून "प्रोफाइल पिक्चर गार्ड" आणलं होतं. त्या वेळच्या त्यांच्या प्राथमिक चाचण्यांत असं दिसलं की फोटोवर नुसता नक्षीचा थर टाकला तरी तो उचलला जाण्याची शक्यता निदान ७५ टक्क्यांनी घटते. नक्षी पुसता येत नव्हती म्हणून नव्हे. उचलणारा बहुतेक वेळा आळशी असतो, दुसरा सोपा फोटो शोधतो, एवढंच. मे २०२० मध्ये पूर्ण प्रोफाइल लॉक करायची सोयही भारतात आली. घरच्या, लहान मुलांच्या फोटोंसाठी वॉटरमार्कच्या भानगडीत न पडता तीच वापरा. तिथे फोटो कुणाचा हा प्रश्नच नसतो, कुणी पाहावा हा असतो.

मग पुसता येणारी गोष्ट लावायची कशाला? इथे कायदा मधे येतो.

भारताच्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, २०१२ साली दुरुस्ती होऊन ६५ब हे कलम आलं. फोटोचा मालक कोण, त्याचं नाव-पत्ता काय, अशी "हक्क व्यवस्थापनाची माहिती" जो जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढून टाकतो किंवा बदलतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तशी माहिती काढलेली आहे हे माहीत असून फोटो पसरवणाराही त्यात येतो. (वकिलाला नुसतं "६५ब" म्हटलं तर तो पुरावा कायद्यातलं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं कलम समजेल. ते आता नव्या साक्ष अधिनियमात ६३ झालंय, आणि कॉपीराइट कायद्यातलं ६३ हे चोरीच्या शिक्षेचं आहे. म्हणून कायद्याचं नाव आधी घ्या.)

यातला "जाणूनबुजून" हा शब्द लक्षात घ्या. फोटोवर नाव नसेल तर उचलणारा म्हणतो, "व्हॉट्सॲपवर आला होता, कुणाचा ते माहीत नव्हतं." नाव असेल आणि ते खोडलेलं असेल तर हे म्हणता येत नाही. खोडायला हात उचलावा लागतो, आणि तो हात चुकून उचलला जात नाही. म्हणूनच वॉटरमार्कमध्ये नुसती नक्षीदार आद्याक्षरं टाकू नका. पूर्ण नाव, गाव आणि पेजचं नाव वाचता येईल असं लिहा. "एस. फोटोग्राफी" या नावाचे महाराष्ट्रात किती असतील, विचार करा.

फाइलच्या पोटातही नाव लिहिता येतं. बऱ्याच डीएसएलआर कॅमेऱ्यांत कॉपीराइटचं नाव भरायची जागा असते, डिजिकॅममध्येही भरता येतं. पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ही आतली माहिती निघून जाते. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवलं तर राहते. म्हणजे बाहेरचं नाव लोकांसाठी, आतलं नाव स्वतःच्या दप्तरासाठी.

कॉपीराइटची नोंदणी करावी लागते का? नाही. फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

लग्नाचे फोटो कुणाचे?

इथे बऱ्याच फोटोग्राफरांना धक्का बसतो. कलम १७ सांगतं की कुणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे लग्नघर. फोटो काढणारा त्या फोटोचा कर्ता राहतो, श्रेय मागायचा हक्क त्याला कलम ५७ ने आहे, पण मालकी त्याची नाही.

याचा सरळ अर्थ असा की नवरीचा फोटो भला मोठा लोगो टाकून स्वतःच्या पेजवर चढवायचा असेल, तर आधी घरच्यांना विचारा आणि कोटेशनमध्येच एक ओळ लिहून घ्या. दुसऱ्या बाजूने, तुम्ही पैसे दिलेत आणि अल्बमच्या प्रत्येक फोटोवर स्टुडिओचं नाव झळकतंय, तर बिनवॉटरमार्कची प्रत मागण्यात काही चूक नाही. निवडीसाठी पाठवलेल्या नमुन्यांवर आडवं नाव असणं मात्र रास्तच आहे. उरलेले पैसे मिळायचे असतात बिचाऱ्याचे.

जिथे वॉटरमार्क नको, आणि जिथे हवाच

हिंगणघाटात एक कबर आहे, विल्यम लॅम्बटनची. १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताच्या महासर्वेक्षणाची मोजणी या माणसाने सुरू केली आणि हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी तो इथे वारला. त्याच्यामागून काम आलं जॉर्ज एव्हरेस्टकडे. पुढे सर्वेक्षणाच्या गणितात सर्वांत उंच ठरलेल्या शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं. उंचीचं गणित करणारे राधानाथ सिकदार आणि पाया घालणारा लॅम्बटन, दोघांची नावं परीक्षेतल्या एका मार्काच्या प्रश्नापुरती उरली. अशा जागेचा चांगला फोटो तुमच्याकडे असेल तर तो विकिमीडिया कॉमन्सवर टाका, जगभर वापरला जाईल. तिथे फोटोवर वॉटरमार्क टाकू नये असा दंडक आहे. नाव फोटोच्या माहितीपानावर राहतं आणि वापरणाऱ्याने ते द्यायचं असतं.

इथून तासाभरावर सेवाग्राम आहे. टेलिफोन कानाला लावलेल्या गांधीजींचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. तो काढला त्यांच्याच नात्यातल्या कनू गांधींनी. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी कॅमेरा घेतला आणि गांधीजींनी अटी घातल्या: फ्लॅश नाही, पोज देणार नाही, आश्रम खर्च करणार नाही. तुमचा फोटो नसेल आणि शेअर करत असाल, तर काढणाऱ्याचं नाव लिहायला एक ओळ लागते. कनू गांधींचं नाव आपण किती वेळा लिहिलं?

पीक पाहणीसारख्या सरकारी ॲपवर फोटो द्यायचे असतात तिथे आपली कलाकुसर नको, ॲप जसा घेतो तसाच जाऊ द्या.

आणि जिथे हवाच, ती जागा म्हणजे ओळखपत्रं. घरभाड्यासाठी, सिमकार्डासाठी, नोकरीच्या अर्जासाठी आपण आधार किंवा पॅनचा फोटो सहज व्हॉट्सॲपवर पाठवतो. पाठवण्याआधी स्नॅपसीडमध्ये त्यावर तिरकं लिहा: "फक्त भाडेकरारासाठी", अमुक यांना, तारीख. अक्षरं मजकुरावरून जाऊ द्या, पण नाव आणि फोटो दिसायला हवा. जिथे चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारा मास्क केलेला आधार द्या, तो आधारच्या अधिकृत साइटवरून फुकट उतरवता येतो.

फोटो चोरीला गेलाच तर

आधी शोधा. गुगल लेन्स किंवा टिनआय यांत तुमचा फोटो टाकला की तो आणखी कुठे कुठे आहे ते दिसतं. सापडला की भांडायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात पेजचं नाव, तारीख आणि लिंक आली पाहिजे. कमेंटमध्ये गरम झालात की समोरचा पोस्ट उडवतो आणि पुरावा जातो.

मग शांतपणे मेसेज. "हा फोटो माझा आहे, मूळ फाइल माझ्याकडे आहे, नाव द्या किंवा काढून टाका." पेज चालवणारी बरीच मुलं दुसऱ्या कुठल्या ग्रुपवरून उचलतात, त्यांना सांगितलं की नाव टाकतात. दुकानाने जाहिरातीला वापरला असेल तर पैसे मागा, लाजू नका.

नाहीच ऐकलं तर फेसबुक-इन्स्टाग्रामवर "रिपोर्ट"मध्ये कॉपीराइटचा वेगळा फॉर्म आहे, साध्या "स्पॅम"च्या तक्रारीत तो अडकवू नका. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला ७५ वा नियमही हाताशी ठेवा. नीट लेखी तक्रार गेली की ज्या वेबसाइटवर तो फोटो ठेवला आहे तिने ३६ तासांत तो दिसणं बंद करायचं असतं. पण २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही, तर ती तो पुन्हा दाखवू शकते. तक्रारीसोबत मूळ, पूर्ण आकाराची फाइल आणि त्याच वेळी काढलेले मागचे-पुढचे दोन-चार फोटो जोडा. कापसाच्या त्या ढिगाचा एकच फोटो चोराकडे असेल. हमाल वर चढण्याआधीचा आणि उतरल्यानंतरचा फक्त तुमच्याकडे असतो.